शेफिल्डला मुभा, वडशाला पहारा

‘आर्क्टिक मंकीज’ या शेफिल्डच्या इंग्लिश बँडने २०१८ साली गिटार मागे सारून पियानो पुढे ओढला आणि त्याच्या चाहत्यांत फूट पडली. ती फूट शेफिल्ड-लंडनपुरती असती तर मला लिहायचे काही कारण नव्हते. पण ती पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, आरमोरी, वडशाच्या चहाटपऱ्यांवरही पोचली आहे. धानाचा बोनस कधी जमा होणार, पोलीस भरती कधी निघणार आणि काल रात्री वाघ कोणाच्या बांधीत दिसला, हे जिथले रोजचे विषय, तिथे बी.एस्सी.ची चार पोरे एका परदेशी बँडच्या सातव्या अल्बमवरून दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. मला याचे कौतुकच वाटते. गाण्यावरून भांडण होणे हे गाव जिवंत असल्याचे लक्षण आहे, निवडणुकीवरून तर कोणीही भांडते.

माझी तक्रार दुसरी आहे. कलाकाराला बदलायचा हक्क आहे, आपला कान त्याच्या मागे गेला पाहिजे, असे टपरीवर तावातावाने सांगणारी हीच पोरे मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या भागातले नाटक बघायला बसली आणि समोर की-बोर्ड दिसला की म्हणतात, ‘बिघडली बाप्पा झाडीपट्टी.’ एका बँडच्या बदलाला वाढ म्हणायचे आणि आपल्या मंडपातल्या बदलाला बिघाड, हा न्याय मला पटत नाही. हा दोष पोरांचा एकट्यांचा नाही. चर्चासत्रांतून बोलणारे जाणकार, लोककलेच्या स्पर्धांचे परीक्षक, सांस्कृतिक खात्याचे कागद, सगळ्यांच्या डोक्यात हीच दुहेरी मोजपट्टी आहे.

आधी टपरीवरचे भांडण नीट समजून घेऊ, कारण त्यात दम आहे.

बँड चौघांचा. २००६च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला, डॉमिनो नावाच्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीकडून. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून जास्त प्रती खपल्या. तिथे कोणत्याही बँडच्या पहिल्या अल्बमला तोवर इतक्या झपाट्याने उचल मिळाली नव्हती. त्याच वर्षी मर्क्युरी हा तिथला मानाचा संगीत पुरस्कारही मिळाला. या अल्बमचा सगळा जीव वेगात आहे. धावती गिटार, तिच्याही पुढे धावणारे मॅट हेल्डर्सचे ड्रम, आणि अ‍ॅलेक्स टर्नर हा विशीतला पोरगा यॉर्कशरच्या हेलात आपल्या शहराची रात्र सांगतो आहे: क्लबच्या दारावरचे पहारेकरी, टॅक्सीसाठी लागलेली रांग, पोलिसांची गाडी, पोरीशी बोलायची न झालेली हिंमत. त्यातले शहर परके आहे, पण दारावर अडवले जाणे परके नाही. म्हणून ते इकडेही लागते.

२००७चा दुसरा अल्बम त्याच वेगाचा. २००९ला ‘हमबग’साठी ही मंडळी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेली, जॉश होमी याला निर्माता म्हणून घेतले, आणि आवाज जड, संथ, काळोखा झाला. खरे पाहता बँड बदलला तो इथे. २०१८चा पियानो नंतरचा. २०११ला गोड चालींचा अल्बम आला. मग २०१३ला ‘ए.एम.’: हिप-हॉपचा ठेका, उंच पातळ केलेला आवाज, तेल लावून मागे फिरवलेले केस, चामड्याचे जाकीट. यानेच त्यांना जगभर पोचवले. त्यानंतर पाच वर्षे काही नाही, आणि २०१८ला ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसीनो’. चंद्रावरचे एक काल्पनिक हॉटेल, तिथला पियानोवर बसलेला थकलेला गवई, गुणगुणता येईल अशी ओळ शोधून सापडत नाही. वर अल्बम येण्याआधी नमुन्यादाखल एकही गाणे बाहेर सोडले नव्हते. २०२२चा ‘द कार’ याच वाटेने पुढे जातो, फक्त आता मागे तंतुवाद्यांचा ताफा आहे.

आमच्याकडे याचे तीन गट पडतात. २००६वाले म्हणतात, पहिला अल्बम तोच खरा बँड, पुढचे सगळे पैसा आणि अमेरिका. त्यांचा हुकमी पुरावा असा की पहिले सहाही अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आले आणि सातवा दुसऱ्यावर अडला. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा अल्बम बाजारात आला होता, हे ते सांगत नाहीत. २०१३वाले संख्येने सर्वांत जास्त आणि वादात सर्वांत आळशी. उरले पियानोवाले. हे दोघे-तिघेच असतात, चष्मा असतो, आणि ‘तुम्हाले समजाले वेळ लागंल गा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी तयार असते. या वाक्यामुळे त्यांची बाजू बरोबर असूनही कोणी ऐकत नाही.

माझे मत विचाराल तर ‘हमबग’ हा त्यांचा सर्वांत धीट अल्बम. २०१८च्या अल्बमचा पूर्वार्ध चांगला, उत्तरार्ध सैल. हॉटेलची कल्पना गाण्यांपेक्षा मोठी झाली. ‘द कार’मध्ये टर्नरला आपला नवा आवाज पहिल्यांदा पूर्ण सापडला. आणि ‘ए.एम.’ इतका गुळगुळीत आहे की त्यावर काही टिकत नाही. यावरून कोणाला भांडायचे असेल तर मी तयार आहे.

पण भांडणाचा पाया तपासला तर एक गंमत दिसते. शेफिल्डमध्ये जो २००६ साली वीस वर्षांचा होता, त्याने हे सगळे क्रमाने ऐकले. दोन अल्बमांमध्ये कधी एक, कधी पाच वर्षांची वाट होती, मध्ये नोकरी लागली, लग्न झाले, केस गेले. पियानो आला तेव्हा त्याला वाटले असेल की आपल्या तरुणपणाचा आवाज कोणीतरी काढून घेतला. ती तक्रार मला समजते. सिंदेवाही-नागभीडकडच्या पोराचे तसे नाही. त्याच्या गावात २०१६च्या सप्टेंबरपर्यंत नेट म्हणजे दोन काड्या आणि फिरत राहणारे चक्र. गाणी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून यायची, त्यात हिंदी सिनेमा, भीमगीते आणि झाडीपट्टीतल्या लावण्या. जिओ आले, पुढे २०१९ला स्पॉटिफाय आले, आणि शेफिल्डची बारा वर्षे एका रात्रीत, उलट्यासुलट्या क्रमाने फोनवर उतरली. बहुतेकांना आधी भेटले ते २०१३च्या अल्बमचे शेवटचे संथ गाणे, तेही रीलमधले पंधरा सेकंद. तिथून मागे जात-जात कोणी २००६ला पोचला, कोणी पोचलाच नाही.

म्हणजे या पोरासाठी मूळ आवाज कोणता? जो त्याच्या कानावर आधी पडला तो. २००६चा अल्बम त्याला मागाहून भेटला, तरी तो २००६वाल्यांत जाऊन बसतो, कारण खऱ्या चाहत्याने पहिल्याच अल्बमवर जीव लावायचा असतो हे त्याने कुठूनतरी उचलले आहे. त्याचे काही हरवलेले नाही. हरवल्याचे दुःख तेवढे उसने आणले आहे. मी हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. पुढच्या मुद्द्याला ते लागणार आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

आता मंडप.

वऱ्हाडात किंवा पुण्याकडे वाचणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा, याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. दिवाळीनंतर धान निघायला लागले की गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असते, पाहुणे येतात, आणि त्या रात्री नाटक असते. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचे देसाईगंज, ही या नाटकांची राजधानी. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या पाट्या ओळीने लागलेल्या दिसतात. गावचे मंडळ तिथे जाऊन कंपनीशी प्रयोगाचे कंत्राट ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. नाटक रात्री दहानंतर सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. होळीपर्यंत हा हंगाम. २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांनी आमची जराशी दखल घेतली. एरवी आमच्याकडून वाघाची बातमी जाते किंवा नक्षलवाद्यांची.

या नाटकात गाणे हा कणा आहे. वादक मंचाच्या पुढ्यात बसतात. ऑर्गन, तबला, क्लॅरिओनेट ही जुन्या माणसांच्या आठवणीतली बैठक. आज ऑर्गनच्या जागी की-बोर्ड, तबल्याच्या बाजूला ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा विजेवरचा ड्रम. मधे लावणी, मधे सिनेमाच्या चालीवरचे काहीतरी, आणि कधी मुंबईहून आणलेला मालिकेतला चेहरा. यावर जो सूर निघतो तो ठरलेला आहे: पूर्वीचे राहिले नाही, अस्सलपणा गेला. गावचा म्हातारा म्हणतो ते मी ऐकून घेईन, त्याने पूर्वीचे ऐकलेले आहे आणि त्याचे काही खरेच हरवले आहे. पण वीस वर्षांचे पोरगे म्हणते तेव्हा विचारावेसे वाटते, का गा, तू तो ऑर्गन कधी ऐकला? त्याचेही दुःख उसनेच. तिकडे इंग्रजी संकेतस्थळावरून उचललेले, इकडे आजोबांकडून.

आणि तो ऑर्गन तरी कुठला? भाता हाणून वाजणारी ही पेटी युरोपातून आलेली. संगीत नाटकवाल्यांनी ती मांडीशी घेतली आणि त्यांच्याकडून ती खाली पसरली. क्लॅरिओनेट लष्करी आणि लग्नाच्या बँडमधून. दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लोकनाट्याचा फड रंगवणाऱ्या पणजोबाला पहिला ऑर्गन दिसला तेव्हा तोही ‘हे का होय?’ म्हणाला असणार. हार्मोनियमचे तर सरकारदरबारी नोंदलेले उदाहरण आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. हे वाद्य परके आहे, याला आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर काढता येत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे जमत नाही, असा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळही नव्हता. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. त्या तीस वर्षांत आमच्या एकाही भजनी मंडळाने पेटी खाली ठेवली नाही. आज त्याच पेटीला अस्सल म्हणून पुढे करून आपण की-बोर्डवर नाक मुरडतो. आणखी पन्नास वर्षांनी काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

खंजिरीचेही बघा. तुकडोजी महाराजांनी तिला गुरुकुंज मोझरीहून सबंध विदर्भात नेले, १९५५ला जपानच्या धर्मपरिषदेतही ती घुमली. हातातले एक छोटे, साधे वाद्य त्यांनी गावोगावच्या सभेचे वाद्य केले, हा बदल किती मोठा होता! त्यांच्या नावाने भरणाऱ्या आजच्या खंजिरी भजन स्पर्धांत मात्र कोणी जरा वेगळा ठेका धरला की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते. सिनेमाच्या चालीवर भजन बांधणे चालते, ते सगळ्यांनी मान्य केले आहे, कारण ते जुने झाले आहे.

मग ही दुहेरी मोजपट्टी का? मला वाटते, टर्नर आपल्यासाठी माणूस आहे. त्याला नाव आहे, वय आहे, तिशीत आलेला कंटाळा आहे, वाढदिवसाला भेट मिळालेला पियानो आहे. त्यामुळे तो बदलला की आपण कारण शोधतो, त्याच्या मनात शिरतो. वडशाच्या मंडपात ऑर्गन वाजवणाऱ्याला आपण माणूस धरत नाही, परंपरा धरतो. परंपरेला कंटाळा येत नाही, तिला नवे ऐकून मोह होत नाही, तिने एखाद्या रात्री सहज वेगळे करून पाहावे अशी आपली अपेक्षाच नसते. त्या वादकाच्याही खिशात तोच फोन आहे. जागलीला गेला की रानडुकरे हाकलता-हाकलता तोही रात्रभर काहीबाही ऐकतो, आणि त्यातले काही त्याच्या बोटांत उतरते. हे आपल्याला बिघाड वाटते, कारण आपण त्याला राखणदार नेमले आहे, आणि तेही त्याला न विचारता, बिनपगारी.

हेलाचा मुद्दा तर आणखी बोलका आहे. टर्नरवर त्याच्या जुन्या चाहत्यांचा मोठा आरोप हा की त्याने यॉर्कशरचा हेल सोडला आणि अमेरिकन मखमली आवाजात गाऊ लागला. यावर आमची पोरे तास-तास बोलतात. आता आमच्या मंडपात पाहा. बहुतेक नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेम प्रमाण भाषेत, लाथ खाणे आपल्या भाषेत. परंपरेच्या रक्षकांनी यावर कधी आवाज चढवल्याचे मी ऐकले नाही. की-बोर्डने जे काही गेले असेल त्याच्या कितीतरी पट इथे जाते आहे, आणि हे तर ‘पूर्वीचे’ आहे, म्हणजे अस्सल! एखाद्या कंपनीने नायकाला झाडीबोलीत रडवले, गंभीर पद झाडीबोलीत बांधले, तर तो बदल मी पहिल्या रांगेचे तिकीट काढून बघेन. २००६चा टर्नर ज्या कारणासाठी आमच्या पोरांना आवडतो, ते कारण हेच तर आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते काहीही चालेल. नाही. शेफिल्ड आणि वडसा यांत एक फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. टर्नरने पियानो निवडला. पाठीशी पहिल्या क्रमांकाचे पाच अल्बम होते, अंगावर न ओरडणारी कंपनी होती, लोकांना नाही आवडला तरी घर चालणार होते. वडशाच्या कंपनीला अशी चैन नाही. कंत्राट करायला आलेले मंडळ आधी विचारते, लावणी आहे ना? हीरोइन कोण? एक हंगाम पडला तर कर्ज अंगावर येते. २०२०ला कोरोनाने हंगामच गेला, तेव्हा कलाकार रोजीच्या कामाला गेले. अशा ठिकाणी की-बोर्ड येतो तो नेहमी कोणाच्या मनात नवा सूर आला म्हणून येत नाही. एक माणूस एका पेटीतून क्लॅरिओनेट, व्हायोलिन, सतार सगळे काढतो, गाडीत जागा कमी लागते, मानधन एकाचेच. क्लॅरिओनेटवाला घरी बसतो.

हा बदल मला टोचतो. पण टोचण्याचे कारण नीट ओळखले पाहिजे. क्लॅरिओनेट अस्सल आणि की-बोर्ड नकली म्हणून नव्हे, तर एका हुशार हाताचे काम गेले म्हणून. पहिले कारण धरले तर उपाय निघतो तो की-बोर्डवर बंदीचा, म्हणजे आकाशवाणीच्या वाटेने. दुसरे धरले तर प्रश्न पैशाचा होतो: प्रयोगात किमान इतके वादक बसले तर मंडपाच्या परवानगीत किंवा करात सूट देता येईल का, सांस्कृतिक खात्याचे अनुदान वादकांच्या संख्येशी बांधता येईल का. हे कंटाळवाणे, कारकुनी प्रश्न आहेत. चर्चासत्रात त्यांवर टाळ्या पडत नाहीत. पण चार वादकांची चूल यांवर पेटते.

एका गोष्टीला मात्र माझा सरळ विरोध आहे: आधीच भरून आणलेला ट्रॅक लावून त्यावर ओठ हलवणे. हा आवाजातला बदल नव्हेच, आवाजाची गैरहजेरी आहे. रात्री दोन वाजता थंडीत घोंगडे पांघरून बसलेल्या माणसाने तिकीट काढले आहे ते समोरच्या गळ्यासाठी. गळा बसलेला असला तरी चालेल, बेसूर झाला तरी लोक सांभाळून घेतात. आणि ऑक्टोपॅड वाईट वाजतो तेव्हा तो वाईट वाजतो असे म्हणायलाच हवे. अनेक नाटकांत तो पदाचे शब्द खाऊन टाकतो, करुण प्रसंगात धबाधबा वाजतो. तक्रार ही अशी असावी. बदलला म्हणून वाईट हे कारण होऊ शकत नाही. नव्या आवाजाने जे करायचे ठरवले ते त्याला जमले की नाही, हे बघावे. २०१८च्या अल्बमला मी सैल म्हणालो ते पियानोमुळे नव्हे.

मंडपातले भांडण टपरीवरच्या भांडणाइतके धारदार होत नाही याचे आणखी एक कारण आहे. टपरीवर पुरावा असतो. सात अल्बम, प्रत्येकावर वर्ष, कोण काय वाजवते ते नावानिशी. पोरगा म्हणतो, २००९चे तिसरे गाणे काढ, ड्रम ऐक, आणि समोरच्याला गप्प बसावे लागते. झाडीपट्टीबद्दल बोलताना आमच्याजवळ काय आहे? आजोबांची आठवण. १९६०-७०च्या हंगामात ऑर्गन कसा वाजायचा, पद किती वेळ चालायचे, ताना किती घ्यायचे, हे ऐकवता येईल असे सर्वसामान्य रसिकाच्या हाताशी काही नाही. आठवण भांडणात कधी हरत नाही, म्हणून ते भांडण पुढे सरकत नाही. आजोबांचा ऑर्गन दर वर्षी आणखी सुरेल होत जातो.

म्हणून माझी मागणी ध्वनिमुद्रणाची आहे. दर हंगामाचे, दर कंपनीचे. आज जे वाजते ते जसे आहे तसे, की-बोर्डसकट, ऑक्टोपॅडसकट, सिनेमाच्या उचललेल्या चालींसकट. सरकारी दप्तराला लोककला टिपायची हुक्की येते तेव्हा ते आधी की-बोर्ड उचलून बाजूला ठेवायला लावतात, फेटे बांधायला लावतात आणि मग कॅमेरा सुरू करतात. त्यातून जे टिपले जाते ते कोणत्याच वर्षी वाजत नव्हते. पुढच्या अभ्यासकाला ते फसवेल.

कंपनीमालकांचा याला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. नाटक फोनवर फुकट दिसले तर मंडपात कोण येईल? यावर आर्क्टिक मंकीजचाच दाखला देता येतो. त्यांचा पहिला अल्बम येण्याआधी ही पोरे कार्यक्रमात आपल्या कच्च्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटत. चाहत्यांनी त्या एकमेकांना नकलून दिल्या, इंटरनेटवर टाकल्या, आणि कार्यक्रमाला आलेली गर्दी बाजारात न आलेली गाणी तोंडपाठ म्हणू लागली. त्या विक्रमी पहिल्या आठवड्याची जमीन या फुकट सीडींनी तयार केली. हा दाखला जसाच्या तसा इथे लागू होत नाही, हे मला कळते. आमचे नाटक हे नाटक आहे, गोष्ट कळली की अर्धी ओढ संपते. म्हणून नाटक टिपू नये, फक्त गाणी टिपावीत. तीही हंगाम चालू असताना बाहेर सोडू नयेत, होळी झाल्यावर सोडावीत, म्हणजे दिवाळीपर्यंत लोकांच्या ओठांवर बसतील. गडचिरोलीला २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, हे काम त्यांच्या दारातले आहे. मोठा स्टुडिओ नको, दोन चांगले माइक आणि रात्री जागायची तयारी असलेली पोरे हवीत, आणि अशी पोरे कोणत्या टपरीवर बसतात ते मी वर सांगितलेच आहे. प्रत्येक मुद्रणावर तारीख, गाव, कंपनी आणि प्रत्येक वादकाचे नाव, वाद्यासह. वादकांना त्या कामाचे मानधन एका प्रयोगाइतके पुरे द्यावे, आणि तेही त्याच रात्री, हातात. कलेची सेवा म्हणून फुकट वाजवून घ्यायची सवय आमच्याकडच्या सरकारी-निमसरकारी कार्यक्रमांना फार जुनी आहे, ती इथे आणू नये.